‘नॉट बॅड’ म्हणजे नेमकं किती चांगलं? इंग्रजीतल्या नकारी होकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं आणि मोठ्या वयाच्या मराठी माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवणं, ही माझी दोन कामं. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा अडते: समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्या मनात ‘हो’ असतं. आजवर आलेले प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कारण बहुतेकांची गाठ त्यांच्याशी फोनवर किंवा मीटिंगमध्येच पडते.

१. लंडनच्या साहेबांनी माझा रिपोर्ट वाचून ‘नॉट बॅड’ एवढंच कळवलं. त्यांना आवडला की नाही?

बहुधा आवडला. ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘नॉट बॅड’ ही दाद असते आणि ‘नॉट बॅड ॲट ऑल’ म्हणजे तर चांगलीच दाद. समोरासमोर असाल तर आवाज ऐका. ‘बॅड’वर सूर वर चढून तिथेच लोंबकळला, तर मागोमाग ‘बट’ येणार आणि दुरुस्त्या सांगितल्या जाणार. सूर शांतपणे खाली उतरून थांबला, तर पाठ थोपटली असं समजा. लेखी निरोपात सूर कळत नाही, तेव्हा पुढचं वाक्य बघायचं. साहेबांनी लगेच पुढचं काम सोपवलं असेल तर काळजी करू नका.

अमेरिकन माणसं कौतुकाचे मोठे शब्द सढळ हाताने वापरतात. त्यांच्याकडून हेच दोन शब्द आले, तर दाद जरा हात राखून दिली आहे असं धरावं.

२. या बोलण्याच्या पद्धतीला काही नाव आहे का?

आहे. उलट अर्थाचा शब्द नाकारून आपलं म्हणणं मांडणं, याला इंग्रजीत ‘लायटोटीझ’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा, लहान. आपल्याला शाळेत शिकवलेल्या अतिशयोक्तीची ही दुसरी बाजू: तिथे आहे त्याहून वाढवून सांगायचं, इथे आवरून सांगायचं.

पण नकाराचं रूप घेतलेला प्रत्येक होकार म्हणजे लायटोटीझ नव्हे. विनंत्या, आमंत्रणं, ‘कान्ट वेट’सारखे ठरीव वाक्प्रचार यांची कारणं वेगळी आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न १० ते १२ पाहा.

३. चांगलं आहे तर सरळ ‘गुड’ म्हणायला काय होतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळं कोडं याच्याच उत्तरात आहे.

‘गुड’ आणि ‘बॅड’ यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. बरं, ठीक, चालण्यासारखं, अपेक्षेपेक्षा जरा उजवं, हे सगळं त्या जागेत राहतं. ‘गुड’ म्हणणारा माणूस एका टोकाला जाऊन उभा राहतो. ‘नॉट बॅड’ म्हणणारा फक्त एक टोक बाद करतो आणि उरलेल्या जागेत नेमकं कुठे थांबायचं ते ऐकणाऱ्यावर सोडतो. इंग्रजी बोलणारा हे मोकळेपण तीन-चार कारणांसाठी वापरतो. कधी आपल्याच कामाबद्दल बोलताना फुशारकी नको म्हणून. कधी पूर्ण खात्री नसते म्हणून. कधी समोरच्याला ओशाळवाणं होऊ नये म्हणून. आणि कधी गोष्ट इतकी मोठी असते की ती मोठ्या आवाजात सांगण्याची गरजच उरत नाही.

या शेवटच्या कारणाचं माझं आवडतं उदाहरण विज्ञानातलं आहे. २५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’ या साप्ताहिकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना मांडली. जेमतेम एका पानाचा लेख. जीवसृष्टीत गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे उतरतात याची किल्ली हाती लागल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी लिहिलं काय? ‘इट हॅज नॉट एस्केप्ड अवर नोटिस’. म्हणजे आम्ही सुचवलेल्या जोड्यांवरून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल हेही सुचतं, आणि ते आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. ‘आम्हाला मोठा शोध लागला आहे’ असं लिहिलं असतं तर वाक्य तिथेच संपलं असतं. ‘नजरेतून सुटलेलं नाही’ म्हटल्यावर वाचणारा थांबतो, मागे जातो आणि तो शोध स्वतः पाहतो.

४. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. मग ‘नॉट अनहॅपी’ म्हणजे ‘हॅपी’च ना?

नाही. इथेच गणित आणि भाषा वेगळ्या वाटांनी जातात.

‘नॉट इम्पॉसिबल’चं गणित बरोबर सुटतं. गोष्ट शक्य असते किंवा अशक्य, मध्ये काही नसतं. म्हणून ‘अशक्य नाही’ म्हणजे शक्य आहे. सुखी आणि दुःखी यांचं तसं नाही. माणूस दोन्ही नसू शकतो; दुपारचा चहा पीत नुसता बसलेला असू शकतो. ‘नॉट अनहॅपी’ दुःख बाद करतं, सुखाची हमी देत नाही. म्हणून शब्दांची जोडी समोर आली की आधी एवढंच विचारा: या दोहोंच्या मध्ये तिसरं काही बसतं का? बसत असेल तर दोन नकारांची बेरीज पूर्ण होकारापर्यंत पोहोचत नाही.

संस्कृत व्याकरणपरंपरेत दोन नकार मिळून मूळ अर्थच सांगतात असा न्याय आहे. नकारावर १९१७ साली स्वतंत्र पुस्तक लिहिणारे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी मात्र नेमकी बारीक गोष्ट टिपली. त्यांच्या मते ‘नॉट अनकॉमन’ हे ‘कॉमन’पेक्षा मवाळ असतं. दोन नकारांचा वळसा घेताना ऐकणाऱ्याच्या मनातला जोर ओसरतो आणि बोलणाऱ्याचा संकोचही दिसतो. पुढे अमेरिकेत लॉरेन्स हॉर्न यांनी १९८९ साली नकाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही विरुद्ध टोकं आणि त्यांच्यामधली जागा हा विचार मध्यभागी आहे.

५. पण काही लोक ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणतात. तिथे दोन नकारांचा होकार का होत नाही?

कारण ते दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांना धरून चालतात. जसं आपण ‘मला काही म्हणजे काहीच माहीत नाही’ असं जोर देऊन म्हणतो, तसंच. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने आपल्या काव्यातल्या सरदाराचं वर्णन करताना, त्याने आयुष्यात कधी कुणाशी वावगं बोलणं केलं नाही, हे सांगायला एका वाक्यात चार नकार घातले आहेत. चौघांचा मिळून अर्थ एकच: नाही.

दोन नकार एकमेकांना रद्द करतात हा नियम अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पक्का केला. १७६२ साली पहिल्यांदा निघालेल्या रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणाचं नाव त्यात हमखास घेतलं जातं. तेव्हापासून शाळेतलं इंग्रजी एका वाटेने आणि अनेक बोलीभाषा जुन्या वाटेने चालत आहेत. बोलीत असं बोलणारा माणूस अडाणी नसतो, एवढं मनात पक्कं ठेवावं. परीक्षेत आणि ऑफिसच्या पत्रात मात्र तसं लिहू नका.

आपल्या लोकांकडून होणारी चूक वेगळी आहे. मराठीत ‘नोबडी’ला एकशब्दी जोड नाही. आपण ‘कोणी’ म्हणतो आणि नकार क्रियापदावर ठेवतो: कोणी आलं नाही. ते शब्दाला शब्द ठेवून ‘नोबडी डिडन्ट कम’ होतं. ‘नोबडी’च्या पोटातच नकार आहे, तेव्हा ‘नोबडी केम’ एवढं पुरतं.

६. ही सवय इंग्रजांना लागली कुठून?

ती फार जुनी आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, साधारण इसवी सन १०००ची. त्यात ग्रेंडेल हा राक्षस रात्री राजवाड्यावर चालून येतो. त्याने आधी अनेक रात्री तिथे माणसं मारलेली आहेत. कवी म्हणतो, राजाच्या घरी येण्याची त्याची ती पहिली वेळ नव्हती. पुढे नायकाला एक नामी तलवार मिळते, तेव्हा ती मदत ‘काही सगळ्यांत लहान नव्हती’. हजार वर्षांपूर्वीचे ऐकणारे या अशा ओळींवर शहारत असतील, कारण भीती सांगितलेली नाही, ती त्यांनीच भरून घ्यायची आहे.

दुसरी वाट बायबलची. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये संत पॉल आपल्या तार्सस गावाबद्दल म्हणतो की मी ‘नो मीन सिटी’चा, काही ऐऱ्यागैऱ्या नव्हे अशा शहराचा नागरिक आहे. मूळ ग्रीकमध्येही रचना हीच आहे, म्हणजे ही लकब इंग्रजीत भाषांतरातूनही आली. याच शब्दांचा एक धागा मुंबईत येऊन पोहोचतो. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. त्याने मुंबईला उद्देशून लिहिलेली कविता १८९६च्या संग्रहात आहे. परक्या आभाळाखाली असताना ‘ऑफ नो मीन सिटी ॲम आय’ असं म्हणता येतं हा केवढा दिलासा, असं तो तिथे म्हणतो. मुंबईचा इतका थेट गौरव, आणि तो नकारातून. मला ती ओळ वाचताना दर वेळी भरून येतं.

पुढे ही लकब धीराची खूण बनली. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की एक छोटी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायला आम्ही जिवाचं रान करतो आहोत. शेवटी म्हणाले, आपण ‘नॉट इन टू मच डिस्ट्रेस’ असाल अशी आशा आहे. फार हवालदिल झाला नसाल ना, अशा अर्थाचं. इंजिनं पुन्हा चालू झाली, विमान जकार्ताला उतरलं, सगळे वाचले. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९२मध्ये, राणी एलिझाबेथ यांनी त्या वर्षाबद्दल बोलताना ‘अनडायल्यूटेड प्लेझर’ने मागे वळून पाहावं असं हे वर्ष नव्हे, असे शब्द वापरले. त्या वर्षात एका मुलाचा संसार मोडला होता, मुलीचा घटस्फोट झाला होता, आणि भाषणाच्या चारच दिवस आधी विंडसरच्या राजवाड्याला आग लागली होती.

हे फक्त इंग्रजांचंच आहे असं मात्र समजू नका. १५ ऑगस्ट १९४५ला जपानचे सम्राट हिरोहितो यांनी रेडिओवरून शरणागती कळवली, तेव्हा युद्धाची परिस्थिती जपानच्या फायद्याचीच झाली आहे असं नाही, असे त्यांचे शब्द होते. हिरोशिमावर बाँब पडून तेव्हा नऊ दिवस झाले होते. नकारामागे किती मोठं दुःख लपवता येतं याचा याहून जड दाखला मला माहीत नाही.

७. मराठी माणूस स्पष्टवक्ता. आपल्यात असं नसतं ना?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटचं ‘नसतं ना?’ बघा. ‘असतं का?’ असंही विचारता आलं असतं.

आपल्या भाषेत हे पावलोपावली आहे. सवयीमुळे दिसत नाही, एवढंच. ‘अनेक’ हा शब्द फोडा: अन् आणि एक. एक नाही तो अनेक. ‘बरेच’ हे सांगायला आपण एकाला नकार दिला. थोडेथोडके नव्हे, चांगले पन्नास पाहुणे आले. हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मुलगी दिसायला वाईट नाही. त्याच्याकडे काय नाही? तिला काही कमी नाही. हरकत नाही. का नाही, जरूर या! आणि संध्याकाळी गच्चीवर उभं राहून ‘किती छान वारा सुटलाय, नाही?’ असं म्हणतो, त्यातला ‘नाही’ कशाला नाकारतो? कशालाच नाही. तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आपल्या आनंदात ओढून घेतो.

फरक आहे तो वापराच्या जागांचा. इंग्रज माणूस दाद देताना आणि संकट सांगताना नकाराकडे वळतो. आपण आग्रह करताना वळतो: घ्या ना, बसा ना, अजून एक पोळी नाही का घेणार? मराठी घरात पंगतीला बसलेल्या इंग्रज पाहुण्याला हे ‘ना’ समजावून सांगायला मला एकदा अर्धा तास लागला होता, आणि तेवढ्यात त्याच्या पानात दोन पोळ्या वाढून झाल्या होत्या.

८. ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ याला ‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

परवानगी द्यायची असेल तर ‘नो’. प्रश्न आहे ‘तुमची हरकत आहे का?’ असा, तेव्हा उत्तर ‘नाही’. आपण मनात ‘खिडकी उघडली तर चालेल ना?’ असं ऐकतो आणि ‘येस’ म्हणून बसतो. इंग्रजी मातृभाषा असलेलेसुद्धा पुष्कळदा ‘या, शुअर’ म्हणतात आणि कुणाचं अडत नाही. शंका वाटली तर ‘प्लीज डू’ म्हणा. त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

९. ‘डोन्ट यू हॅव एनी एक्स्पीरियन्स?’ असं विचारल्यावर मी ‘येस’ म्हणाले आणि गोंधळ झाला. कुठे चुकलं?

माझ्या भाचीचं अगदी हेच झालं. फोनवरची मुलाखत, समोर इंग्रज बाई. त्यांनी विचारलं, तुम्ही एक्सेलवर काम केलेलं नाही का? भाचीने केलेलं नव्हतं. ती खरं तेच बोलली: ‘येस’. तिच्या मनात होतं, ‘हो, नाही केलेलं’. बाईंनी ऐकलं, ‘हो, केलंय’. पुढची पाच मिनिटं त्या एक्सेलचे प्रश्न विचारत राहिल्या आणि ही घाबरून गप्प. फोन ठेवल्यावर रडत माझ्याकडे आली. मी तिला एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, त्या इथेही देतो.

मराठीत ‘हो’ प्रश्नाशी सहमत होतो. जेवला नाहीस का? हो, नाही जेवलो. इंग्रजीत ‘येस’ घडलेल्या गोष्टीशी सहमत होतो. जेवण झालं असेल तर ‘येस’, झालं नसेल तर ‘नो’. प्रश्न सरळ विचारलेला असो की उलटा.

म्हणून इंग्रजीत उत्तर देताना प्रश्नातला नकार कानाआड करा आणि खरं काय तेवढं पाहा. शिवाय एका शब्दावर थांबू नका. ‘नो, आय हॅवन्ट’ किंवा ‘येस, आय हॅव’ असं पुरतं बोला, म्हणजे कुणाचाही गैरसमज होणार नाही. भाचीने पुढच्या मुलाखतीला तो कागद फोनशेजारी चिकटवून ठेवला होता.

१०. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘व्हाय डोन्ट यू सिट डाउन?’ मी बसलो नाही म्हणून रागावल्या का?

नाही हो, त्या बसायला सांगत होत्या. ‘बसत का नाहीस?’ असं भाषांतर डोक्यात झालं की खडसावल्यासारखं वाटतं. त्याचा खरा मराठी जोड ‘बसा ना’ हा आहे. ‘वोन्ट यू हॅव सम टी?’ हेही तसंच: चहा घ्या ना.

भूतकाळात मात्र हीच रचना तक्रार बनते. ‘व्हाय डिडन्ट यू कॉल?’ म्हणजे फोन का केला नाहीस, आणि तिथे उत्तर द्यावं लागतं.

११. ‘यू कुडन्ट लेंड मी अ पेन, कुड यू?’ देणार नाही असं आधीच ठरवून मागतात का?

मागणारा तुमच्यासाठी नकाराची वाट आधीच झाडून ठेवतो. ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर तुम्हाला अवघड वाटू नये, हा त्यातला विचार. ‘आय डोन्ट सपोज यू कुड हेल्प’ हे त्याचंच भावंड. सभ्यपणावर लिहिणाऱ्या पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी या प्रकाराचा नीट विचार केला आहे: समोरच्याच्या मोकळीकीला धक्का लावायचा नाही.

आपला रोजचा जोड आठवा. वाण्याकडे शंभराची नोट पुढे करत आपण काय म्हणतो? ‘सुट्टे नसतील ना?’

१२. ‘कान्ट वेट’, ‘कुडन्ट अग्री मोअर’, ‘कान्ट कम्प्लेन’ हे होकार की नकार?

तिन्ही होकार. ‘आय कान्ट वेट’ म्हणजे कधी एकदा तो दिवस उजाडतो असं झालंय. ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ म्हणजे याहून जास्त सहमत होताच येणार नाही, अगदी माझ्या मनातलं बोललात. ‘कान्ट कम्प्लेन’ म्हणजे बरं चाललंय.

धोका उच्चारात आहे. बोलण्याच्या ओघात ‘कुडन्ट’चा शेवट गिळला जातो आणि ‘आय कुड अग्री मोअर’ ऐकू येतं. लिहिताना तसंच लिहिलं तर अर्थ फिरतो: मला तितकंसं पटलेलं नाही. त्यात अमेरिकेत ‘आय कुडन्ट केअर लेस’ आणि ‘आय कुड केअर लेस’ दोन्ही एकाच अर्थाने, ‘मला काडीचं घेणं नाही’ म्हणून, बोललं जातं. दुसरं ऐकून समजून घ्या, स्वतः पहिलंच वापरा.

१३. पटलेलं असूनही लोक ‘नो, यू आर राइट’ म्हणतात. ‘नो’ कशाला?

तो ‘नो’ तुमच्या वाक्याला नसतो. आधी मनात आलेल्या शंकेला किंवा वादाच्या शक्यतेला असतो. आपणही ‘नाही नाही, बरोबर आहे तुझं’ म्हणतोच.

१४. ‘इट वॉझन्ट अन्टिल…’ ने सुरू होणारी वाक्यं नेहमी उलटी कळतात. काही युक्ती?

मराठीत याला सुंदर जोड आहे: ‘उजाडावं लागलं’. ‘इट वॉझन्ट अन्टिल १९६१ दॅट गोवा वॉज फ्री’ म्हणजे गोवा मुक्त व्हायला १९६१ साल उजाडावं लागलं. घटना घडली आहे. नकार फक्त आधीच्या काळाला आहे.

१५. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे किंमत नसलेलं ना?

किंमत करता येत नाही इतकं मोलाचं. आपलं ‘अमूल्य’, ‘अनमोल’ अगदी तसंच घडलेलं आहे. ‘प्राइसलेस’ही त्याच बाजूचा. ‘व्हॅल्युलेस’ आणि ‘वर्थलेस’ मात्र खरोखर कवडीमोल.

एक शब्द जिवावर बेतू शकतो म्हणून वेगळा सांगतो: ‘इनफ्लेमेबल’. टँकरवर, डब्यावर, रंगाच्या दुकानात हा दिसला तर त्याचा अर्थ झटकन पेट घेणारं असा आहे. त्यातला ‘इन’ नकाराचा नाही. गैरसमज टळावा म्हणून आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात; दोहोंचा अर्थ एकच. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ हा शब्द आहे.

१६. सारख्या दिसणाऱ्या पण उलट अर्थाच्या जोड्या सांगाल का?

सगळ्यात जास्त फसवणाऱ्या तीन सांगतो. ‘नॉट अ लिटल अँग्री’ म्हणजे चांगलाच रागावलेला, पण ‘नॉट अ बिट अँग्री’ म्हणजे मुळीच न रागावलेला. पहिल्यात ‘थोडाथोडका नव्हे’ आहे, दुसऱ्यात ‘जरासुद्धा नाही’. ‘नथिंग बट ट्रबल’ म्हणजे निव्वळ त्रास. ‘एनीथिंग बट ट्रबल’ म्हणजे त्रासाखेरीज काहीही, म्हणजेच त्रास अजिबात नाही. आणि ‘ही इज नॉट अ टीचर’ ही नुसती माहिती आहे, त्याचा पेशा दुसरा. ‘ही इज नो टीचर’ हा शेरा आहे: शिकवणं त्याला जमत नाही. पण हाच ‘नो’ वाईट शब्दापुढे आला की प्रशंसा होते, जसं ‘ही इज नो फूल’. दुधखुळा नाही तो.

१७. ‘कॅनॉट बी ओव्हरएस्टिमेटेड’ बरोबर की ‘अंडरएस्टिमेटेड’? महत्त्व सांगायचं आहे.

महत्त्व खूप आहे असं म्हणायचं असेल तर ‘कॅनॉट बी ओव्हरएस्टिमेटेड’: कितीही मोठं मानलं तरी जास्त होणार नाही. लिहिणारे यात सर्रास चुकतात आणि वाचणाऱ्यांना चूक जाणवतही नाही.

असं का होतं हे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन आणि त्यांच्या सहकारी शुली राइख यांनी १९७९ साली दाखवलं. त्यांचं वाक्य होतं ‘नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हियल टु बी इग्नोर्ड’. सगळे ते असं वाचतात: डोक्याची इजा कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करू नका. आता त्याच साच्यातलं दुसरं वाक्य घ्या: ‘नो मिसाइल इज टू स्मॉल टु बी बॅन्ड’. क्षेपणास्त्र कितीही लहान असो, बंदी घालावीच. तोच साचा पहिल्याला लावा. इजा कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करावंच! वाक्य उलटं बोलतं, आणि आपलं व्यवहारज्ञान ते आपोआप सुलटं करून घेतं. नो, टू, ट्रिव्हियल, इग्नोर्ड. एवढे नकारी वजनाचे शब्द एका ओळीत आले की मन हिशेब सोडून देतं. कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय मलाही ते सुटत नाही.

औषधाच्या सूचना, करार, सुरक्षेचे फलक लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तिथे एका वाक्यात एकच नकार ठेवा.

१८. मी स्वतः लिहिताना ‘नॉट अन-’ वापरू का?

जपून. जॉर्ज ऑर्वेलने १९४६च्या निबंधात या सवयीवर कडक टीका केली. ती सोडायची असेल तर एक वाक्य पाठ करा म्हणाला: काळा नसलेला नाही असा कुत्रा, लहान नसलेला नाही अशा सशामागे, हिरवं नसलेलं नाही अशा शेतातून धावत होता. सगळीकडे तेच केलं की काय होतं ते यात दिसतं. तरीही मला ही रचना टाकाऊ वाटत नाही. प्रश्न ४मधली मधली जागा खरोखर दाखवायची असेल, तर तिच्याइतकं नेमकं दुसरं साधन नाही. नोकरीच्या अर्जात मात्र सरळ लिहा.

१९. मराठीत भाषांतर करताना नकार ठेवायचा की सरळ होकार लिहायचा?

ठरीव वाक्प्रचार असेल तर आपला वाक्प्रचार शोधायचा. प्रश्न १२ आणि १४ तसेच आहेत. पण लेखकाने मुद्दाम नकार निवडला असेल तर तो वाचवायचा.

हे मी एका कादंबरीच्या भाषांतरात शिकलो. म्हातारा डॉक्टर एका मुलाला ‘तू घरी जा’ असं सांगतो आणि पुढे शब्द आहेत ‘नॉट अनकाइंडली’. मी लिहिलं, ‘तो मायेने म्हणाला’. संपादकबाईंनी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘माया कुठून आली?’ मी ‘सौम्यपणे’ केलं. पुन्हा खूण. ‘प्रेमाने’, ‘समजुतीने’, ‘हळुवारपणे’, सगळं खोडून झालं. त्या डॉक्टरकडे त्या क्षणी माया नव्हती, तो दमलेला होता. फक्त एरवी जो कठोरपणा असतो तो नव्हता, आणि मुलाला तो अपेक्षित होता. चौथ्या दिवशी लिहिलं: ‘तू घरी जा,’ तो म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता.

त्या ओळीवर पेन्सिलची खूण आली नाही.